लघवी चहासारखी, तपासणी दोन दिवसांनी: दावा टिकेल का?

प्रश्न: माझे वडील (वय ६४) न्यूमोनियासाठी खासगी रुग्णालयात दाखल होते. त्यांची कोलेस्टेरॉलची गोळी (अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० मि.ग्रॅ.) चालू ठेवून क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. चौथ्या दिवशी मांड्या दुखू लागल्या, लघवी काळ्या चहासारखी झाली. आम्ही सिस्टरना सांगितलं. सीपीके (स्नायू तुटल्याचं दाखवणारी रक्ततपासणी) केलं दोन दिवसांनी, ४८,००० निघालं. मग डायलिसिस. रुग्णालय म्हणतं, 'आजारामुळे असं होतं.' दावा करता येईल का?

उत्तर: करता येईल. पण 'औषधाने किडनी घालवली' एवढ्याच मुद्द्यावर विसंबू नका. स्नायू तुटले की त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि किडनीच्या नलिकांना इजा करतं. रुग्णालयात हे जंतुसंसर्गाने, फिट येण्याने, लांबलेल्या शस्त्रक्रियेनेही घडतं. तेव्हा समोरचा वकील न्यूमोनियाकडेच बोट दाखवणार, आणि ते अगदीच खोटं म्हणता येणार नाही.

तुमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची रक्तातली पातळी वाढते आणि स्नायू तुटण्याचा धोकाही वाढतो, म्हणून दोन्ही एकत्र द्यायचीच तर अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २० मि.ग्रॅ.च्या पुढे नेत नाहीत. दाखल करताना बाबांच्या गोळ्यांची नोंद केस पेपरवर झाली होती का, ते पाहा. दुसरी गोष्ट मला जास्त वजनाची वाटते: ते दोन दिवस. स्नायू तुटण्याच्या या आजारात सलाईन लवकर आणि भरपूर देणं, पोटॅशियम व क्रिएटिनिनवर लक्ष ठेवणं, यावर किडनी वाचणं बरंचसं अवलंबून असतं. तुमची तक्रार सिस्टरांच्या नोंदीत वेळेसह सापडली, तर 'आम्हाला कळलंच नाही' म्हणायला जागा उरत नाही.

म्हणून आधी संपूर्ण इनडोअर केस पेपर लेखी अर्ज करून मागा. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरणार नाही. औषधांचा तक्ता, लघवीच्या मापाचा तक्ता, लॅबचे वेळ छापलेले रिपोर्ट, सगळं हवं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार कागद ७२ तासांत द्यावे लागतात. अर्जाची पोच घ्या. मग ते दुसऱ्या किडनीतज्ज्ञांना दाखवून लेखी मत घ्या. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलंय. पण इथे औषधांचा आणि वेळेचा प्रश्न आहे, मताशिवाय जाऊ नका.

भरलेलं बिल ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. ती डायलिसिस सुरू झालं त्या तारखेपासून धरा, रुग्णालयाशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून थांबू नका. पोलिसांत जायचा सल्ला शेजारीपाजारी देतील. फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो (जेकब मॅथ्यू निकाल, २००५), आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून तो इथे मला दिसत नाही.