‘स्थितिज’ म्हणजे स्थिर नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘चालत्या वस्तूची ती गतिज ऊर्जा आणि थांबलेल्या वस्तूची ती स्थितिज, असं मी मुलाला समजावलं. मग सरळ स्थैतिक ऊर्जा का म्हणत नाहीत? शिवाय यातला “ज” कुठला, आणि “ति” ऱ्हस्व का?’

शेवटचं आधी उरकतो. हा ‘ज’ जन् धातूचा. अनुज म्हणजे मागून जन्मलेला, तशी गतिज म्हणजे गतीपोटी आलेली आणि स्थितिज म्हणजे स्थितीपोटी आलेली. गती, स्थिती हे शब्द मराठीत एरवी दीर्घान्त लिहिले तरी मुळात ऱ्हस्वान्त आहेत. समासात पहिल्या जागी बसले की ते ऱ्हस्वच राहतात. गतिरोधक, बुद्धिबळ लिहितो ना, तसेच.

खरी मेख ‘स्थिती’त आहे. स्थिर आणि स्थिती दोन्ही स्था धातूची लेकरं, म्हणून घोळ होतो. पण स्थिर म्हणजे न हलणारं, तर स्थिती म्हणजे जागा किंवा अवस्था. १ किलोचा दगड जमिनीपासून १ मीटर उचलून धरलात, तर त्याच्याकडे साधारण ९.८ ज्यूल (ज्यूल हे ऊर्जा मोजायचं एकक) स्थितिज ऊर्जा असते. आता सोडा. अर्ध्या वाटेवर तो चांगला वेगात असतो, तरी त्यातली ४.९ ज्यूल अजून स्थितिजच असते. उरलेली तेवढीच गतिज झालेली असते. ‘थांबलेल्याची ती स्थितिज’ ही व्याख्या इथेच कोसळते. उलट, खाली पडून राहिलेला दगड अगदी स्थिर, पण उंची जमिनीपासूनच मोजली तर त्याची स्थितिज ऊर्जा शून्य! (गेली कुठे? धप्प आवाज झाला, दगड आणि जमीन किंचित तापली.)

ताणलेलं रबर किंवा चावी दिलेलं घड्याळ घेतलं, तर तिथे उंचीचा काही संबंध नाही. घड्याळ आहे त्याच भिंतीवर असतं. बदलते ती आतल्या स्प्रिंगची अवस्था. आणि मराठीत ‘स्थिती’ हा शब्द नकाशावरच्या जागेलाही चालतो आणि रुग्णाच्या तब्येतीलाही. उंचावरचा दगड आणि पिळलेली स्प्रिंग, दोघांनाही तो नेमका बसतो. स्कॉटिश अभियंते विल्यम रँकिन यांनी १८५३ मध्ये या ऊर्जेला इंग्रजीत ‘पोटेन्शियल’ म्हटलं, त्यात भर सुप्त शक्यतेवर आहे. आपला शब्द ती शक्यता कशामुळे आली ते सांगतो. मला तरी तो उजवा वाटतो.

‘स्थैतिक’ला दुसरीकडे काम आहे: स्थैतिक विद्युत, म्हणजे जिथे विद्युतभार वाहत नाही, एका जागी साचून राहतो. तिथे न हलणं हाच मुद्दा आहे.

‘ज’बद्दल मात्र माझी एक बारीक कुरकुर आहे. ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही असा नियम शिकवायचा, आणि तिच्या नावातच जन्म घालायचा! तेव्हा तो ‘ज’ ‘मुळे असलेली’ एवढ्यापुरताच घ्यावा. या नियमाला धरून चालणारा शब्द ‘रूपांतर’. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, तसं रूपांतर म्हणजे दुसरं रूप; मजकूर तोच.