रंगाचे पातेले वेगळे ठेवा: फुलीचा टाका आणि घरचे रंगकाम, वाचकांची प्रश्नोत्तरे

मॅटीवरचे, म्हणजे मोजता येतील अशा चौकटींच्या कापडावर फुलीच्या टाक्याने (क्रॉस-स्टिच) केलेले भरतकाम आणि घरी कापड रंगवणे या दोन छंदांबद्दल येणाऱ्या पत्रांत गावे बदलतात, गोंधळ तोच असतो. मीठ घातले की रंग पक्का होतो, झाडपाल्याचा रंग म्हणजे निर्धोक, पातेले घासले की स्वच्छ. शाळांना सुट्ट्या लागल्या की या तीन समजुती पुन्हा नव्याने फिरू लागतात. म्हणून काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरे इथे एकत्र देते आहे.

ताई, माझ्या नक्षीत १४० बाय ९८ टाके आहेत. १४ काउंटचे कापड किती घेऊ? (सातारा)

एका इंचात १४ चौकटी, म्हणजे नक्षी १० बाय ७ इंचांची होईल. चारही बाजूंनी ३-३ इंच सोडा आणि १६ बाय १३ इंच कापड घ्या. मात्र आपल्याकडे सुटी मॅटी मिळते तिच्यावर काउंट लिहिलेला नसतो, आणि उभे-आडवे धागे इंचाला सारखेच असतील असेही नाही. ते कमीजास्त असले की गोल फूल लांबोडके दिसते. पट्टी ठेवून दोन्ही दिशांनी स्वतः मोजा. चौकट करून लावायचे असेल तर कापड कापण्याआधी फ्रेमवाल्याला विचारा.

सुई कोणती आणि दोऱ्याचे पदर किती घ्यायचे? (बेळगाव)

१४ काउंटला बोथट टोकाची २४ नंबरची सुई, आणि सहापैकी दोन पदर.

आमच्या आजीच्या इरकलीवर कसूती आहे. ती क्रॉस-स्टिचच का? मला तशी साध्या कॉटनच्या ओढणीवर भरता येईल का? (सोलापूर)

कसूती म्हणजे धारवाडकडचे, धागे मोजून करायचे भरतकाम. त्यात चार टाके आहेत: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. यातला मेंथी हाच फुलीचा टाका. बाकीचे तीन वेगळे. गवंती म्हणजे धावदोरा घालत जायचे आणि परत येताना मधल्या मोकळ्या जागा भरायच्या, त्यामुळे रेघ दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मुरगी तशीच, पण पायऱ्यापायऱ्यांनी चढते. नेगी विणकामासारखा दिसतो. धारवाड भागातल्या बायका कापडावर काहीही न छापता, केवळ धागे मोजून तुळशीवृंदावन, गोपुर, पालखी, हत्ती भरत आल्या आहेत, आणि दोऱ्याला गाठ मारत नाहीत. आजीच्या पदराची उलटी बाजू एकदा उजेडात धरून पाहा. चांगल्या कसूतीत उलट-सुलट ओळखू येत नाही.

ओढणीवर भरता येईल, पण तिचे धागे डोळ्यांना मोजता आले पाहिजेत. ते फार बारीक असतील तर ओढणीवर जाळीचे कॅनव्हास टाचून घ्या, त्यावरून टाके घाला आणि काम झाल्यावर जाळीचे धागे एकेक करून ओढून काढा. गवंती मात्र पुस्तकातून शिकू नका. परतीचा रस्ता चुकला की सगळे उसवावे लागते. एखाद्या जाणत्या बाईसमोर बसून पहिली चार फुले भरा.

लाल दोऱ्याचा रंग धुताना पांढऱ्या मॅटीवर पसरला. आता काय? (ठाणे)

वाळू देऊ नका, आणि इस्त्री तर मुळीच नको. गार पाण्यात बुडवा, पाणी रंगीत झाले की बदला, स्वच्छ पाणी दिसेपर्यंत हेच करत राहा. पिळायचे नाही. पंच्यात गुंडाळून पाणी टिपा. पुढच्या वेळी गडद लाल, काळा, निळा दोरा भरण्याआधी ओल्या पांढऱ्या कापडात दाबून पाहा.

आणि हे भरतकाम जुने असेल, घरातल्या कोणी म्हाताऱ्या माणसाच्या हातचे असेल, तर पाण्याला लावूच नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे. आधी अशा ठिकाणी विचारा.

कॉटनचे कापड घरी रंगवले की मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवायचे, म्हणजे रंग पक्का होतो ना? सगळेच असे सांगतात. (पुणे)

सगळे सांगतात आणि सगळ्यांचे रंग जातात. व्हिनेगर लोकर आणि रेशमाच्या आम्लरंगांसाठी असते. सुती कापडाला बसणारे गार पाण्यातले रंग, म्हणजे १९५६ साली प्रोसिऑन या नावाने बाजारात आलेली जात, अल्कलीत पक्के होतात. त्यांना धुण्याचा सोडा लागतो. खायचा सोडा नव्हे, तो पुरेसा तीव्र नसतो. मिठाचे काम एवढेच की ते पाण्यातला रंग कापडाकडे ढकलते. कापडाशी बंध जुळतो तो सोड्यामुळे. तुमचे व्हिनेगर त्याच सोड्याचा जोर मारते. ही कृती पुढे कोणाला सांगू नका.

१०० ग्रॅम कोरड्या कापडाला दोन लिटर कोमट पाणी, दोन ते चार ग्रॅम रंग, १०० ग्रॅम मीठ. अर्धा तास हलवत राहा, मग ४० ग्रॅम सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून घाला आणि आणखी तासभर ठेवा. नंतर आधी गार पाण्याने आणि शेवटी उकळत्या पाण्याने धुवा, कारण न चिकटलेला रंग गरम पाण्याशिवाय निघत नाही. सोडा घातलेले रंगाचे पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, त्यातला रंग पाण्याशीच संयोग पावून निकामी होतो. रंगांच्या जाती निरनिराळ्या असतात, काहींना पाणी बरेच तापवावे लागते. तुमच्या पाकिटातला कोणता, हे विक्रेत्याला विचारूनच प्रमाण ठरवा.

मांजरपाट रंगवला तर जागोजागी फिके डाग राहिले. (कोल्हापूर)

खळ निघालेली नाही. रंगवण्याआधी धुण्याचा सोडा आणि साबण घालून अर्धा तास उकळा. पाण्याचा थेंब टाकताच शोषला गेला तरच कापड तयार. शिवणीचा दोरा पांढराच राहिला असेल तर तो पॉलिएस्टरचा आहे, त्याला हा रंग कधीच लागणार नाही.

स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या पातेल्यात रंग उकळला, मग राखेने आणि साबणाने चकचकीत घासले. आता त्यात दूध तापवले तर चालेल ना? रंगवाला म्हणाला की रंग खाण्याइतका सुरक्षित आहे. (जळगाव)

नाही. ते पातेले आजपासून रंगाचे.

ज्या विक्रेत्याने असे सांगितले त्याच्याकडून पुन्हा काहीही घेऊ नका. कापडाचा रंग आणि खाण्याचा रंग या दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्यांचे कायदेही वेगळे. अझो या रासायनिक जातीच्या रंगांतले काही असे आहेत की ज्यांच्यापासून कर्करोगाला कारण होणारी अमाइन द्रव्ये सुटतात. जर्मनीने १९९४ साली त्यांच्यावर बंदी आणली आणि त्याच दशकात आपल्या सरकारनेही आणली. सुट्या पुडीत, नाव-गाव-कंपनी काही न लिहिलेला रंग मिळतो तेव्हा तो बंदीतला आहे की नाही हे तुम्हाला कळायला कोणताच मार्ग नसतो. पाकिटावर रंगाचे नाव, बनवणाऱ्याचा पत्ता आणि बॅच नंबर नसेल तर तो रंग घरात आणू नका. चांगला विक्रेता मागितल्यावर सुरक्षिततेचे माहितीपत्रक देतो.

घासून रंग दिसेनासा होतो, जात नाही. कडेच्या वळणात, कानाच्या रिबिटखाली, लाकडी उलथन्याच्या भेगांत तो राहतो. अॅल्युमिनियमचे पातेले तर रंगकामातही वापरू नका, सोडा ते खातो. एक स्टीलचे पातेले, एक प्लॅस्टिकची बादली, एक चमचा आणि एक मापाचा पेला एवढे वेगळे काढा, त्यावर ऑइलपेंटने ठळक खूण करा आणि ते स्वयंपाकघराबाहेर ठेवा. विरघळवलेला रंग पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तर मला अतिशय घाबरवते. घरात लहान मूल आहे, उन्हाळा आहे आणि बाटलीत लालभडक पाणी आहे. हे मी पुन्हापुन्हा लिहिते आणि पुन्हापुन्हा तशाच बाटल्या पाहते.

पण पातेल्याहूनही मोठी काळजी कोरड्या भुकटीची आहे, आणि तिच्याबद्दल मला कोणीच विचारत नाही. जो रंग कापडाशी इतका घट्ट संयोग पावतो, तो तुमच्या श्वासनलिकेतल्या प्रथिनांशीही संयोग पावू शकतो. रंगकारखान्यांतल्या कामगारांना यातून दमा झाल्याचे वैद्यकशास्त्राला चांगले माहीत आहे. शरीराने एकदा त्या रंगाशी वैर धरले की पुढे चिमूटभर भुकटीही पुरते, आणि ते वैर बहुधा आयुष्यभर राहते. पाण्यात विरघळलेला रंग त्या मानाने कितीतरी कमी धोक्याचा. म्हणजे सगळी सावधगिरी पहिल्या पाच मिनिटांत घ्यायची आहे. पंखा बंद करा, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, ओट्यावर नव्हे तर ओल्या वर्तमानपत्रावर पाकीट उघडा. एन-९५ मास्क लावा. तोंडाला बांधलेली ओढणी भुकटी अडवत नाही. हातमोजे घाला. चमच्याने सावकाश भुकटी काढा, थोड्याशा पाण्यात तिची पेस्ट करा, पाकीट लगेच बंद करा, वर्तमानपत्र ओलेच गुंडाळून टाका. दम्याचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर भुकटी स्वतः हाताळू नका. डॉक्टरांना विचारा, आणि तोपर्यंत नुसते भरतकाम करा.

बाटिक (मेण लावून कापड रंगवणे) आणि निळीचे (इंडिगोचे) काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) नेहमी पाण्यात घालायचे, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचे नाही. ते उसळून डोळ्यांत जाते. गेलेच तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे डोळा धरा आणि तिथून थेट दवाखाना. दुसरे, ज्याला दुकानदार नुसते हायड्रो म्हणतात ते सोडियम हायड्रोसल्फाइट ओलाव्याने आपोआप तापते, पेटूही शकते. कोकणात आणि घाटावर पावसाळ्यात ते घरी साठवू नका. आणि ही दोन्ही द्रव्ये व्हिडिओ पाहून हाताळू नका, प्रत्यक्ष शिकवणाऱ्याकडे जा.

म्हणूनच मी फक्त नैसर्गिक रंग वापरते. मोरचूद घातले की हिरवा छान येतो, आणि ते द्राक्षबागेसाठी घरात असतेच. (नाशिक)

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. बोर्डो मिश्रणात घालून ज्याची बागेवर फवारणी होते, जे बुरशी मारते, ते नैसर्गिक रंगाच्या पातेल्यात पडले म्हणून सौम्य होत नाही. पोटात गेले तर विषबाधा होते, आणि उरलेले पाणी ओढ्यात गेले तर मासे मरतात. जुन्या कृतींत पोटॅशियम डायक्रोमेटही सांगितलेले असते. त्यातला क्रोमियम कर्करोगकारक आहे, ते घरात आणूच नका.

गरजही नाही. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवा, वाळवा, मग तुरटीच्या पाण्यात बुडवा. त्यावर मंजिष्ठेने लाल, डाळिंबाच्या सालीने पिवळा येतो. हिरड्यावर लोखंडाचे पाणी दिले की करडा ते काळा. कच्छचे अजरख छापणारे कारागीर लोखंड आणि गुळाच्या आंबवणातून काळा काढतात, तो पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला आहे. हिरवा हवा तर पिवळ्यावर नीळ चढवा.

हळद उन्हात उडते आणि साबण लागला की तांबडी पडते. बीट तर सुती कापडावर टिकतच नाही. 'शंभर टक्के ऑरगॅनिक' असे छापलेल्या पाकिटातून झळझळीत मोरपंखी किंवा राणी रंग निघाला, तर तो झाडाचा असण्याची शक्यता फार कमी. पैसे देण्याआधी झाडाचे नाव विचारा.

घरबसल्या क्रॉस-स्टिच करून द्यायचे काम आहे. आधी किटसाठी अनामत भरायला सांगतात. भरू का? (नागपूर)

नाही. काम देणारा तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही. भरले असतील तर पोलिसांच्या सायबर तक्रारीचा १९३० हा क्रमांक आहे, आजच फोन करा.

वय ४४. काळ्या मॅटीवर भरताना छिद्रे दिसत नाहीत, कपाळ दुखते. रस्त्यावरचा तयार चष्मा घेऊ का? (रत्नागिरी)

काळ्या कापडावर भरताना मांडीवर पांढरा पंचा पसरा, छिद्रे खालून उजळतात. दिवा डाव्या खांद्यावरून येऊ द्या. दर अर्ध्या तासाने दूरवर पाहा. पण चष्मा डोळ्यांच्या डॉक्टरांकडूनच. चाळिशीनंतर जवळचे धूसर होणे साहजिक आहे, तरी दोन्ही डोळ्यांचा नंबर क्वचितच सारखा असतो, आणि काचबिंदूसारखा आजार आरंभी काहीच जाणवू न देता वाढतो. तो तपासणीतच सापडतो.

बांधणीचे रंग कालवले की दोन महिन्यांपासून रात्री खोकला येतो, बोटांवर खाजरे चट्टे आले आहेत. कडुलिंबाचा पाला लावते आहे, थोडे दिवस थांबून बघू का? (सांगली)

दोन महिने थांबलात तेच फार झाले. रंगकाम आज बंद करा आणि या आठवड्यात छातीच्या आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत सूं-सूं वाजू लागले तर आठवडाही थांबू नका, त्याच रात्री दवाखान्यात जा. पाला लावणे सोडा. चट्ट्यांचे खरे रूप डॉक्टरांना दिसू द्या. खोकला कोणत्या दिवशी रंग कालवल्यावर आला, सुट्टीच्या दिवसांत कमी होतो का, हे एका कागदावर लिहून घ्या. आणि रंगाची रिकामी-भरलेली सगळी पाकिटे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सोबत न्या. ती दवाखान्यात उघडू नका, नुसती नावे वाचून दाखवा.