स्क्रीनला आधीच कळतं, मग कंट्रोलर कशाला?

प्रश्न: दादा नमस्कार, आम्ही जिंतूरकडचे. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलं की विमानांचे लाईट दिसतात, कधी कधी दोन इतके जवळून जातात की आता धडकतात की काय वाटतं. मित्र म्हणतो धडक होणार हे कंट्रोलरच्या, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट सांगणाऱ्याच्या, कॉम्प्युटरला आधीच कळतं, मग माणूस कशाला बसवलाय? आणि धाकटी बहीण बीएस्सी फिजिक्स करायलीय, तिला हे काम जमंल का?

उत्तर: खालून जवळ वाटतं हो, पण वरखाली निदान १००० फूट असतात, म्हणजे ३०० मीटर. एकाच उंचीवर असतील तर रडारवर निदान ५ नॉटिकल मैल, ९ किलोमीटरच्या वर झालं.

मित्राचं अर्धं खरंय. स्क्रीनवर प्रत्येक विमानाशेजारी एक छोटं लेबल असतं, नाव, उंची, स्पीड आणि चढतंय का उतरतंय त्याचा बाण. दोन विमानं पुढच्या एक-दोन मिनिटांत जवळ येणार असं गणित निघालं की लेबल रंग बदलतं किंवा चमकायला लागतं, ह्याला शॉर्ट टर्म कॉन्फ्लिक्ट अलर्ट म्हणतात.

आता गंमत बघा. एक विमान ३३ हजार फुटांवर सरळ चाललंय, दुसरं वरून उतरतंय आणि पायलटला सांगितलंय की ३४ हजारला थांब. रडारला फक्त उतरण्याचा वेग दिसतो, सांगितलेलं काही माहीत नाही, म्हणून ते बोंबलतं. असं दिवसात धा वेळा झालं की कोण लक्ष देणार, आमच्या घरचा इन्व्हर्टर लोडशेडिंगला इतका पी-पी करतो की आता कुणी मान वळवून पण बघत नाही. बरं, ३४ हजारचा आकडा सिस्टीममध्ये टाकला की अलर्ट गप्प बसतो, पण मग पायलट चुकून थांबलाच नाही तर तो उशिरा वाजणार. हे दुखणं कुठल्याच स्क्रीननं पूर्ण मिटत नाही, म्हणून माणूस.

आधी कागदाच्या पट्ट्या असायच्या, एका विमानाला एक, प्लास्टिकच्या होल्डरमध्ये. ज्याच्याकडं नंतर बघायचंय ती पट्टी कंट्रोलर रांगेतून जराशी तिरकी ओढून ठेवायचा. एवढी साधी खूण, पण स्क्रीन आल्यावर तिच्यासारखं काहीतरी मुद्दाम बनवावं लागलं. मला तर ह्या धंद्यातली ही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते.

उलट बाजू पण सांगतो. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगनवर दोन विमानं धडकली, ७१ जण गेले. तिथलं आकाश सांभाळणाऱ्या स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या कंट्रोल सेंटरमध्ये देखभालीच्या कामासाठी स्क्रीनवरचा हा अलर्ट बंद होता, एकटा कंट्रोलर दोन स्क्रीन सांभाळत होता. शेजारच्या जर्मनीतल्या कार्ल्सरूह सेंटरला अलर्ट दिसला, त्यांनी फोन लावला पण लागलाच नाही. कंट्रोलरनं रशियन विमानाला खाली उतरायला सांगितलं, त्याच विमानातलं टीकॅस, म्हणजे धडक टाळायला पायलटला इशारा देणारं यंत्र, वर चढा म्हणत होतं, पायलटनं कंट्रोलरचं ऐकलं. आता नियम पक्का आहे, टीकॅस बोललं की पायलटनं टीकॅसचंच ऐकायचं.

बहिणीचं म्हणाल तर बीएस्सीला फिजिक्ससोबत मॅथ्स आहे का ते आधी बघा, एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह एटीसीच्या (एअर ट्रॅफिक कंट्रोल, म्हणजे हेच काम) परीक्षेला दोन्ही लागतात. इंग्रजी बोलायची सवय आत्तापासून लावा, आवाजाची पण टेस्ट असते.