नेमबाजी: प्रश्न वाचकांचे

प्रश्न: काकांचं जुनं .२२ टार्गेट पिस्तूल परवान्याची सगळी पूर्तता करून माझ्या नावावर झालं आहे. नळीवर ‘हाय स्टँडर्ड’ आणि ‘हॅम्डेन, कॉन.’ अशी अक्षरं आहेत. सोबतच्या डबीत नळीखालच्या खाचेत सरकवून स्क्रूने आवळायची दोन लोखंडी वजनं निघाली. काट्यावर एक ५७ ग्रॅम भरलं, दुसरं ८५. असे अर्धवट आकडे का? वजनं झिजली असतील का? नळी १७१ मिलिमीटर आहे. स्पर्धेत चालेल? आणि सगळं घासून नव्याने काळं करून घेऊ का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमचा हात कदाचित आत्ताच पॉलिश पेपरकडे गेला असेल. घासू नका. तरुणपणी मी एका कारागिराकडे माझी नळी ब्लूइंगला, म्हणजे नव्याने काळी करायला, दिली होती. परत आली तेव्हा आरशासारखी चमकत होती, पण अक्षरांच्या कडा बफिंगच्या चाकाने खाल्लेल्या. नखाने चाचपलं तर पूर्वी जिथे खरखर लागायची तिथे बोट सरळ घसरत गेलं. गावाचं नाव अर्धं उरलं होतं. ते दुःख अजून गेलेलं नाही. हलकं तेल, मऊ फडकं, बस.

वजनं झिजलेली नाहीत. ग्रॅम सोडा, औंस धरा. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. ५७ म्हणजे दोन औंस, ८५ म्हणजे तीन. अमेरिकन माल आहे, तिथे हिशेब औंसांत आणि इंचांत. तुमची १७१ मिलिमीटरची नळीसुद्धा पावणेसात इंचांची आहे. या कंपनीच्या पिस्तुलांवर आधी न्यू हेवन, मग हॅम्डेन आणि शेवटी ईस्ट हार्टफर्ड अशी गावं येतात, तिन्ही कनेक्टिकटमधली. म्हणजे तुमचं पिस्तूल मधल्या काळातलं. अमेरिकेत सरकारी चाचणीगृहाचा (शस्त्र दाब सहन करतं का हे तपासणाऱ्या जागेचा) ठसा सक्तीचा नाही, म्हणून युरोपियन पिस्तुलांसारखी चिन्हांची रांग दिसली नाही तर घाबरू नका.

आता वजनांबद्दल थोडं सविस्तर, कारण खरी गंमत तिथे आहे. वजन नळीवर कुठे बसतं याला फार महत्त्व आहे. ८५ ग्रॅमचं वजन मनगटापासून १८ सेंटिमीटरवर लावलं आणि मग ९ वर आणलं, तर मनगटावरचा त्याचा भार निम्मा होतो. पण डुलण्याला आणि उसळण्याला ते जो विरोध करतं, तो अंतराच्या वर्गाने बदलतो, म्हणजे चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून पुढे लावलेलं वजन माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) शांत ठेवतं आणि झटक्यानंतर ती लवकर जागेवर आणतं. त्याची किंमत मनगट मोजतं. तिसाव्या गोळीला माशी हळूच खाली बसायला लागली की समजा वजन जास्त झालं. आधी दोन औंसांचं एकटं लावा, महिनाभर त्यावरच सराव करा.

वजन बदललं की गोळ्यांची जागा बदलते. नळीचं तोंड जड झालं की गोळी बाहेर पडेपर्यंत ते कमी उचललं जातं, त्यामुळे बहुतेक वेळा गोळ्या खाली उतरतात. साइट पुन्हा जुळवावी लागते. आणि स्क्रू! तो सैल झाला तर नेम कितीही चांगला असो, गोळ्या विखुरतात. मी स्क्रूच्या डोक्यावरून वजनावर जाणारी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

स्पर्धेचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत २५ मीटरच्या पिस्तुलाची नळी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर, आणि लावलेली वजनं व रिकामं मॅगझिन धरून एकूण वजन १४०० ग्रॅमपर्यंत. तुमची नळी लांब आहे. कापायचा विचार मनातही आणू नका. ते सरावाला ठेवा, अस्सल वस्तू आहे.

प्रश्न: माझ्या वॉल्थर जीएसपी या जर्मन टार्गेट पिस्तुलाच्या नळीवर गरुड, त्याखाली ‘एन’, हरणाचं शिंग आणि ‘एच-आय’ ही दोन अक्षरं आहेत. हा काही क्रमांक आहे का?

उत्तर: ते वर्ष आहे. जर्मन चाचणीगृहं ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक अशी अक्षरं वापरतात. ‘जे’ हे अक्षर वगळतात, म्हणून के म्हणजे नऊ. एच सात, आय आठ: १९७८. शिंग उल्म गावच्या चाचणीगृहाचं, आणि गरुडाखालचा एन सांगतो की धूरविरहित दारूच्या जादा दाबाच्या काडतुसांवर चाचणी झाली आहे. नळी कधीकाळी बदलली असेल तर तिच्यावरचं वर्ष इतर भागांवरच्या वर्षाशी जुळणार नाही, तेव्हा भिंग घेऊन सगळे ठसे पाहा. त्याच भिंगाने कॅलिबरही, म्हणजे काडतुसाचं मापही, वाचून घ्या. रॅपिड फायरची (झटपट गोळ्या झाडायच्या स्पर्धेची) जुनी पिस्तुलं .२२ शॉर्ट या आखूड काडतुसाची असत, २००५ पासून ती काडतुसं त्या स्पर्धेतून गेली. शॉर्टच्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत) लाँग रायफल हे लांब .२२ काडतूस कोंबायचा प्रयत्न करू नका.