ऐनवेळी ठरलेल्या सहलीसाठी जिओकॅशचा डेटा झटपट कसा उतरवायचा?

रविवारी सकाळी चहा पिता पिता गगनबावड्याला जायचं ठरतं, गाड्या बाहेर निघेपर्यंत तिकडच्या कॅश (म्हणजे जीपीएसवर शोधायच्या, कुणीतरी लपवून ठेवलेल्या डब्या) मोबाइलवर घेऊन होत नाहीत आणि घाटात रेंज दगा देते, ही तुमची अडचण. कोल्हापुरात सहली अशाच ठरतात, त्याला इलाज नाही. पण सहल ठरल्यावर डेटा उतरवत बसायचं, ही पद्धत बदला. सहलीपुरता घेऊच नका, अख्ख्या टापूचा डेटा कायम मोबाइलवर ठेवा.

जिओकॅशिंग डॉट कॉम या कॅशच्या साइटचं प्रीमियम सदस्यत्व असेल तर पॉकेट क्वेरी मिळते, म्हणजे आपण दिलेल्या निकषांत बसणाऱ्या कॅशची माहिती एकाच फाइलमध्ये उतरवता येते. एका क्वेरीत जास्तीत जास्त १००० कॅश येतात. युरोपातल्या एखाद्या मोठ्या शहरात तेवढ्या वेशीच्या आतच संपतील. आपल्याकडे त्या इतक्या विरळ आहेत की एका क्वेरीत आपलं भागतं. कोल्हापूर मध्यबिंदू धरून १०० किलोमीटरची त्रिज्या द्या. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा, आंबोली, सांगली, बेळगाव सगळं त्यात बसतं. गोव्यासाठी मात्र वेगळी क्वेरी करा.

फिल्टरमध्ये 'मला न सापडलेल्या' आणि 'चालू असलेल्या' एवढंच निवडा. अवघडपणा, डबीचा आकार वगैरे गाळण्या लावू नका. कुठे थांबायचं हे रस्त्यावरच ठरणार असतं, तेव्हा घरी बसून पर्याय कशाला कमी करायचे?

आता खरी मेख. क्वेरीच्या पानावर वारांच्या चौकटी असतात. शुक्रवारवर खूण करा आणि ती दर आठवड्याला चालवायचा पर्याय निवडा. नाहीतर क्वेरी एकदा चालते आणि गप्प बसते. फाइल तयार होते ती त्यांच्या सर्व्हरवर, मोबाइलवर ती आपणच आणायची. अँड्रॉइडवर सीजिओ हे फुकट ॲप आहे, त्यात पॉकेट क्वेरी थेट आयात करता येते. शनिवारी रात्री घरच्या वायफायवर हे उरकून टाका, रविवारी काहीही ठरू दे.

एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे नकाशा. कॅशची माहिती उतरली म्हणजे नकाशाही उतरला, असं नाही. करूळ घाटात मोबाइल उघडला की कोऱ्या पडद्यावर नुसते कॅशचे ठिपके दिसतात. रस्ता कुठला, दरी कुठली, काही कळत नाही. सीजिओमधूनच आपल्या भागाचा ऑफलाइन नकाशा एकदा उतरवून ठेवा.

क्वेरीच्या फाइलमध्ये वर्णन, इशारा (डबी कुठे शोधायची त्याची खूण) आणि आधी शोधून गेलेल्यांच्या शेवटच्या काही नोंदी असतात, फोटो नसतात. त्यामुळे ज्या कॅशचा इशाराच 'फोटो पाहा' असा असेल, तिचं पान आधीच उघडून फोटो वेगळा साठवा. कोड्याच्या कॅशचं (जिची खरी जागा कोडं सोडवल्यावरच कळते) उत्तर घरी सुटलं असेल तर सुधारलेले अक्षांश-रेखांश साइटवर त्या कॅशच्या पानावर भरा, पुढच्या शुक्रवारच्या फाइलमध्ये तेच येतात.