फ्रिज हलवायचा खर्च फ्रिजपेक्षा मोठा

प्रश्न: आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. मागच्या उन्हाळ्यात २००४ सालचा, गाडीमागे ओढायचा, आत राहायची सोय असलेला २५ फुटी जुना ट्रॅव्हल ट्रेलर ७,५०० डॉलरला घेतला. मे ते ऑक्टोबर मिळून पंधरा-सोळा रात्री त्यात काढतो. मुलं खूश आहेत, मी नाही. फ्रिजचं दार उघडलं की येण्याजाण्याची वाट बंद. पोळपाट ठेवायला ओटा नाही. ओव्हन मी कधी लावत नाही, त्यात कढया ठेवते. म्हणून फ्रिज मागच्या भिंतीला न्यायचा, ट्रेलर गरम ठेवणारी फर्नेस पलंगाखाली सरकवायची, शेगडी-ओव्हन काढून दोन बर्नरचं इंडक्शन बसवायचं आणि दोन लिथियम बॅटऱ्या घ्यायच्या, असं ठरवलं. दुकानाने १२,४०० डॉलरचं कोटेशन दिलं आहे. आमची बचत २१,००० डॉलर. महिन्याचा खर्च ५,२००, महिन्याला साधारण ९०० उरतात. पगार एकच: नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याच्या जोडीच्या एच-फोरवर. डिसेंबरमध्ये सांगलीला जायचं आहे, तिकिटांचे ६,००० लागतील. हे काम बचतीतून करावं, दुकानाच्या १८ महिन्यांच्या बिनव्याजी योजनेतून, की फोर-ओ-वन-के या निवृत्तीच्या बचतीवर कर्ज काढून? सासरे म्हणतात, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

उत्तर: सासरे बरोबर आहेत, पण त्यांनी दिलेलं कारण मला पटत नाही. ट्रेलर ७,५०० चा आहे म्हणून त्यावर १२,००० घालू नयेत, हा हिशोब विकणाऱ्याचा. तुम्ही तो विकायला घेतलेला नाही. मुलं लहान आहेत तोवर सुपिरियर सरोवराच्या काठी सकाळी गरम पोळी खायची, यासाठी घेतला आहे, आणि त्या हौसेला मोल लावायला मी कोण? माझी तक्रार दुसरीच आहे. तुमचे पैसे जिथे जाताहेत तिथे हौस भागतच नाही.

तुम्ही पाठवलेलं कोटेशन मी ओळीओळीने वाचलं. फ्रिज १,३००. बॅटऱ्या आणि चार्जर १,१००. फर्नेस ९००. इंडक्शन ४००. किरकोळ सामान ७००. झाले ४,४००. उरलेले ८,००० म्हणजे ५० तासांची मजुरी, तासाला १६० दराने. शंभरातले चौसष्ट डॉलर वस्तूंसाठी नाहीत, वस्तू या भिंतीवरून त्या भिंतीवर नेण्यासाठी आहेत. पुण्याच्या आमच्या जुन्या घरात आईने मोरी समोरच्या भिंतीला नेली होती, तेव्हा नळ आणला साडेतीनशेचा आणि प्लंबर-गवंड्याचं बिल झालं अकरा हजार. ट्रेलरमध्ये हेच, फक्त भिंती दोन इंचांच्या आणि आतून गॅस.

तुमचा सध्याचा फ्रिज गॅसवर आणि विजेवर चालणारा, अ‍ॅब्सॉर्प्शन जातीचा असणार. त्याला कॉम्प्रेसर नसतो. ज्योतीने अमोनियाचं द्रावण तापवून तो थंडावा तयार करतो आणि मागची उष्णता खालच्या जाळीतून आत आलेल्या हवेबरोबर छपरावरच्या व्हेंटमधून बाहेर जाते. नवीन बारा व्होल्टचा फ्रिज मागे बसवलात तर त्याला ही धुराडी लागणार नाहीत हे खरं. पण जुनी दोन भोकं बुजवावी लागतील, त्यातलं एक छपरात. वीस वर्षांच्या ट्रेलरच्या छपराला हात लावणं म्हणजे पाण्याला आमंत्रण. शिवाय गॅसची नळी बंद करायची, बारा व्होल्टची जाड तार मागपर्यंत ओढायची, कपाट तोडून नवं बांधायचं. पन्नास तास उगाच नाही झाले.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वजनाची, आणि ती कोटेशनमध्ये कुठेच नाही. ओढायच्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के वजन पुढे हिचवर, म्हणजे गाडीला जोडायच्या आकड्यावर, पडायला हवं. त्याहून कमी झालं की महामार्गावर ट्रेलरची शेपटी डोलायला लागते, आणि मोठा ट्रक शेजारून गेला की ती गाडीला आपल्याबरोबर खेचते. तुम्ही भरलेल्या ट्रेलरचं वजन ५,८०० पौंड आणि हिचवरचं ६४० पौंड कळवलं आहे, म्हणजे अकरा टक्के. आता सामानासकट दीडशे पौंडांचा फ्रिज एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, चार फूट पुढून काढून आठ फूट मागे नेला. सरकला बारा फूट. हिच ते एक्सल अंतर सोळा फूट धरलं तर हिचवरचे साधारण ११२ पौंड कमी होतात. उरले ५२८. नऊ टक्के. यात मागची पाण्याची टाकी भरलेली धरलेली नाही! हे ऐकून तुमचे इंजिनिअर यजमान कागद-पेन्सिल घेऊन बसतील, बसू द्या. पण ट्रक स्टॉपवरच्या कॅट काट्यावर एकदा पंधरा-वीस डॉलर खर्चून खरं वजन करून घ्या. माझा हिशोब तुम्ही दिलेल्या आकड्यांवर उभा आहे.

इंडक्शनचं म्हणाल तर तुमचं विजेचं कनेक्शन ३० अँपिअरचं आहे. १२० व्होल्टने गुणलं की ३,६०० वॉट, तेही एकूण. ऑगस्टमधे एसीने त्यातले दीड हजार घेतले, दोन्ही बर्नर मिळून अठराशे गेले, आणि कोणी मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं की ब्रेकर पडला. जिथे विजेची जोडणी नाही तिथे बॅटरीवर चालवू म्हणाल, तर बॅटरीची वीज इंडक्शनच्या कामाची करायला इन्व्हर्टर लागतो आणि तो कोटेशनमध्ये नाहीच. तो खर्च "अरे हो, हेही लागेल" म्हणून नंतर येणार. गॅसची शेगडी ठेवा. भाकरी फुगवायला ज्योत लागते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

फर्नेसला तर हातच लावू नका. तिची ज्योत बाहेरच्या भिंतीतून श्वास घेते आणि धूर तिथूनच सोडते. ती पलंगाखाली नेऊन नवं भोक पाडायचं आणि त्यावर मुलांना झोपवायचं, यात तुम्हाला काय मिळतं? एक कप्पा.

आता पैशाकडे. २१,००० मधून १२,४०० आणि तिकिटांचे ६,००० गेले की उरतात २,६००. तुमच्या खर्चाने पंधरा दिवस. एच-वन-बीवरच्या माणसाची नोकरी गेली तर त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवा मालक मिळवायचा, व्हिसाचा प्रकार बदलायचा, नाहीतर सामान बांधायचं. यजमान मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहेत. त्या धंद्याचे चढउतार तुम्ही माझ्याहून जवळून बघता. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे त्यांना मी तीन महिन्यांची गंगाजळी चालेल म्हणते. तुमच्यासारख्या एका पगाराच्या घराला सहा महिन्यांची, म्हणजे ३१,२०० ची. तुम्ही आजच त्याच्या मागे आहात. त्यामुळे बचतीला या कामासाठी हात नाही, एका डॉलरलाही नाही.

फोर-ओ-वन-केवरचं कर्ज हे दिसायला घरचंच देणं-घेणं. पण नोकरी सुटली की सहसा उरलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरावी लागते. नाही भरली तर ती काढून घेतली असं धरून त्यावर कर लागतो, आणि वय साडेएकोणसाठच्या खाली असेल तर वर दहा टक्के दंड. म्हणजे ज्या दिवशी पगार बंद, त्याच दिवसापासून हे कर्ज मागे लागणार. तुमच्या परिस्थितीत तिन्ही पर्यायांत हा सगळ्यात वाईट. दुकानाच्या बिनव्याजी योजनेत महिन्याला ६८९ भरावे लागतील, म्हणजे उरणाऱ्या ९०० पैकी बहुतेक सगळे. शिवाय अशा बऱ्याच योजनांत अठराव्या महिन्याअखेर थोडी जरी बाकी राहिली तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम लागतं. करारात "डिफर्ड इंटरेस्ट" हे शब्द शोधा. सापडले तर कागद खाली ठेवा.

तुमच्या मैत्रिणीने सांगितलं की ट्रेलर हे दुसरं घर धरून व्याजावर करसवलत मिळते. झोपायची, रांधायची आणि संडासची सोय असलेला ट्रेलर दुसरं घर ठरू शकतो, हे खरं. पण कर्ज त्या ट्रेलरवर तारण हवं, आणि तुम्ही स्टँडर्ड डिडक्शन (व्याज वगैरे वेगळं न दाखवता सरसकट वजावट) घेणाऱ्यांपैकी असणार, तेव्हा हा विषय इथेच सोडू.

मी काय करेन ते सांगते. ट्रेलर आता हिवाळ्यासाठी झाकलेला असेल. एकदा आत जाऊन छपराचे कोपरे, खिडक्यांखालच्या भिंती आणि फ्रिजमागची फळी हाताने दाबून बघा. मऊ लागली तर स्वयंपाकघराचा विषय बंद, सगळे पैसे तिकडे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांपूर्वीचे असतील तर नक्षी कितीही नवी दिसो, बदला. चार टायरांचे ६०० धरा, बेअरिंग आणि ब्रेकचे ४००, गॅसची गळती-चाचणी आणि फर्नेसची तपासणी २५०, छपराचं सीलंट १५०. सीलंट थंडीत नीट धरत नाही, ते काम एप्रिलवर ठेवा. झाले १,४००. याने ओटा एक इंचही वाढणार नाही, पण आधी हेच.

मग तुमचा ओटा. ओव्हन काढून त्याच जागी, त्याच गॅसच्या नळीवर नुसती बैठी शेगडी बसवा, २२० पर्यंत मिळेल. खाली प्लायवूडचे ड्रॉवर, १३० चं सामान. कढयांना स्वतःचं घर मिळेल. ओट्याच्या टोकाला बिजागरीवर उघडणारी फळी, ६० डॉलर, पोळपाटाला पुरेशी. उचलून ठेवता येईल असं एक बर्नरचं इंडक्शन ८० ला, विजेच्या जागी चहा-दुधासाठी. गॅसची जोडणी मात्र तंत्रज्ञाकडूनच, दोन तासांचे ३२०. एकूण ८१०. हिवाळ्यात दुकानांत काम कमी असतं, तेव्हा जाऊन दर विचारा. आणि शेगडी, फ्रिज असलं काही घ्यायचं असेल तर आधी इंडियानातल्या एल्कहार्टला चक्कर मारा. आरव्ही, म्हणजे असे राहायचे ट्रेलर आणि गाड्या, बनवणाऱ्यांचं ते गाव, तुमच्याहून अडीच-तीन तासांवर, आणि कारखान्यांचा उरलेला माल विकणारी दुकानं तिथे आहेत. मुलांना आरव्हीचं संग्रहालयही दाखवून आणा.

दोन्ही मिळून २,२१०. नोव्हेंबर ते एप्रिल तुमच्याकडे महिन्याला ९०० प्रमाणे ५,४०० उरतील. त्यातून हे भागवून ३,१९० बचतीत जातात, आणि तिकिटं काढूनही मेमध्ये खात्यात १८,१९० असतील. साडेतीन महिन्यांचा खर्च.

फ्रिज चालू आहे तोवर चालवा. तो बंद पडेल त्या दिवसासाठी मेनंतर महिन्याला १५० वेगळे टाका. वीस महिन्यांत ३,००० होतील. त्यात बारा व्होल्टचा फ्रिज त्याच जागी, एक बॅटरी आणि पाच-सहा तासांची मजुरी बसते. तुम्ही मुख्यतः मिशिगनच्या स्टेट पार्कांत जाता, तिथल्या बहुतेक आधुनिक जागांवर विजेचा खांब असतो. बॅटरी लागणार ती प्रवासापुरती, दोन कशाला?

राहिली वाट अडवणाऱ्या दाराची गोष्ट, ज्यावरून हे सगळं सुरू झालं. ट्रेलरमधल्या बऱ्याच फ्रिजांची दारं दुसऱ्या बाजूने उघडतील अशी बसवता येतात. फ्रिजच्या ज्या कडेला आता बिजागऱ्या नाहीत तिथे टोपणांनी झाकलेली स्क्रूची भोकं दिसतात का बघा. असतील तर एका शनिवारी, दीड तासात, फुकट. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, तेव्हा वरच्या दाराचे आणि खालच्या दाराचे दोन वाट्यांत वेगळे ठेवा.