पहिल्या ट्रॅक डेसाठी बाइकची आणि स्वतःची तयारी कशी करावी?

चार वर्षे रस्त्यावर ६५० सीसीची बाइक चालवल्यानंतर पुढच्या महिन्यात तुम्ही पहिल्यांदाच ट्रॅक डेला, म्हणजे रेसिंगच्या ट्रॅकवर शर्यतीविना आपली गाडी चालवण्याच्या दिवसाला, जाणार आहात. नवे टायर, रेसिंगचा सायलेन्सर आणि सस्पेन्शन यांपैकी आधी कशावर खर्च करावा, आणि पहिल्याच दिवशी वळणात झुकताना गुडघा जमिनीला टेकेल का, असे तुम्ही विचारले आहे. टायर जुने किंवा झिजलेले नसतील तर यांपैकी कशावरही खर्च करू नका; गाडी आहे तशीच, पण पूर्णपणे निर्दोष अवस्थेत न्या. गुडघ्याबद्दलचे उत्तर सविस्तर द्यावे लागेल, कारण पहिल्या दिवशी नेमके काय शिकायचे हे त्यावरूनच ठरते.

मी पहिल्यांदा ट्रॅकवर उतरले तेव्हा मलाही रस्त्याचा बऱ्यापैकी अनुभव होता. पहिले सेशन (ट्रॅकवरची एक पाळी) संपवून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत आले, गाडी स्टँडवर लावली आणि हेल्मेटचा पट्टा सोडवायला गेले, तर बोटे वळेनात. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू दगडासारखे कडक झाले होते, कारण वीस मिनिटे मी हँडल आवळून धरले होते आणि मला त्याची जाणीवही नव्हती. तेवढ्यात आमच्या गटाच्या प्रशिक्षकांनी माझ्यापुढे एक कोरा कागद ठेवला. त्यावर ट्रॅकचा आराखडा काढून प्रत्येक वळणापाशी ब्रेक कुठे लावला, गाडी वळवायला सुरुवात कुठे केली आणि आतल्या कडेच्या सर्वांत जवळ कुठे गेले, अशा तीन खुणा करायला त्यांनी सांगितले. बारा वळणांपैकी चार वळणे मला नीट आठवली. उरलेल्या आठ ठिकाणी मी नुसती रेघ ओढली, कारण तिथे आपण काय केले हे मला सांगताच येईना. प्रशिक्षकांनी कागद पाहिला, घडी करून परत दिला आणि पुढचे संपूर्ण सेशन एकाच गिअरमध्ये, ब्रेकला शक्यतो हात न लावता चालवायला सांगितले.

ही कसरत अनेक ट्रॅक प्रशिक्षक नवशिक्यांकडून करून घेतात आणि तिच्यामागचे कारण अगदी साधे आहे. माणसाचे लक्ष मर्यादित असते. गिअर बदलणे, शेवटच्या क्षणी ब्रेक दाबणे, समोरच्या गाडीशी बरोबरी करणे यांत ते सगळे खर्च झाले, तर पुढचे वळण कुठे आहे हे पाहायला काहीच शिल्लक राहत नाही. सरळ पट्टीवर वेग मुद्दाम कमी ठेवला की ब्रेकची गरजच उरत नाही, आणि मग पहिल्यांदाच डोळे मोकळे होतात. त्या सेशनमध्ये मला कडेच्या रंगीत पट्ट्यांचे तुकडे दिसू लागले, एका वळणाच्या आत डांबराचा जुना जोड दिसला, मार्शलची, म्हणजे झेंडे दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याची, चौकी दिसली. सकाळी या सगळ्यांच्या शेजारून मी अनेकदा गेले होते. म्हणून माझा आग्रह आहे की पहिला दिवस तुम्ही केवळ पाहण्यासाठी राखून ठेवावा. वेग किती होता हे संध्याकाळी आठवू नये आणि सगळी वळणे डोळे मिटून सांगता यावीत, एवढेच उद्दिष्ट पुरेसे आहे. स्पीडोमीटरवर चिकटपट्टी लावून तो झाकणारे रायडर तुम्हाला तिथे दिसतील, त्याचे कारणही हेच.

नजर नेमकी कुठे ठेवायची, हे शब्दांत सोपे आणि गाडीवर अवघड असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. त्यामुळे पुढच्या चाकासमोर पाहत बसलात तर जे दिसते त्याबद्दल काही करण्याची वेळ निघून गेलेली असते. ब्रेकच्या खुणेपाशी पोहोचण्याआधी नजर वळणाच्या सुरुवातीवर जायला हवी, गाडी वळू लागण्याआधी ती अपेक्सवर, म्हणजे आतल्या कडेच्या सर्वांत जवळच्या बिंदूवर जायला हवी, आणि अपेक्सला पोहोचण्याआधी बाहेर पडण्याच्या जागेवर. ब्रेकसाठी खूण निवडताना ती जागची हलणार नाही अशी निवडा: अंतर दाखवणारी पाटी, रंगीत पट्टीचा आरंभ, डांबरावरचा डाग. सावली दुपारपर्यंत सरकते आणि समोरचा रायडर तर दर फेरीला वेगळ्या ठिकाणी ब्रेक लावतो, त्यामुळे या दोहोंवर विसंबू नका. वळायला जरा उशिरा सुरुवात करा आणि अपेक्सही थोडा पुढचा धरा. रस्त्यावरच्या सवयीने आपण लवकर आत घुसतो, मग वळण संपता संपता गाडी बाहेरच्या कडेकडे ओढली जाते आणि ऐन झुकलेल्या अवस्थेत ॲक्सिलरेटर सोडावा लागतो, जी सर्वांत वाईट वेळ असते.

आता गुडघा. गाडी आणि रायडर मिळून ४५ अंशांत झुकतात तेव्हा टायरवर बाजूने येणारा जोर साधारण त्यांच्या एकत्रित वजनाइतका असतो. इतका झोक चांगला टायर तापल्यावर सहज पेलतो, परंतु त्याच्याआधी गुडघा टेकेल की नंतर, हे तुमच्या पायांच्या लांबीवर, फूटरेस्टच्या उंचीवर आणि सीटवरून तुम्ही किती बाहेर सरकता यावर अवलंबून असते. म्हणजे टेकलेला गुडघा कौशल्याचा पुरावा नसून झोक किती आहे हे सांगणारी एक खूण आहे. वळणात लागणारी पकड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: जे वळण तुम्ही ताशी ८० ने घेता तेच ८८ ने घेतलेत, तर वेग १० टक्केच वाढतो पण पकड २१ टक्के जास्त लागते. गुडघा टेकवण्यासाठी मुद्दाम झोक वाढवणाऱ्याला हा हिशेब गाठतो. शरीराच्या बाबतीत पहिल्या दिवशी तीनच गोष्टी सांभाळा. पायाचा चवडा फूटरेस्टवर असावा, बाहेरच्या बाजूची मांडी टाकीला घट्ट टेकलेली असावी, आणि कोपरे इतकी सैल असावीत की सरळ पट्टीवर ती कोंबडीच्या पंखांसारखी हलवता यावीत. दर फेरीला एकदा ती हलवून पाहा; हलली नाहीत तर तुम्ही हँडलला लटकत आहात असे समजा.

गाडीची तयारी आठवडाभर आधी करावी, कारण आदल्या रात्री एखादा दोष सापडला तर वेळ उरत नाही. ब्रेकला मी सर्वाधिक महत्त्व देते. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. रस्त्यावर हा फरक जाणवत नाही, पण ट्रॅकवर दर मिनिटाला अनेकदा जोरात ब्रेक लागतात, ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि लीव्हर हँडलला टेकेपर्यंत ओढूनही गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक ऑइल बदललेले असावे, हवा पूर्ण काढलेली असावी आणि ब्रेक पॅडची जाडी निम्म्याहून अधिक असावी. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर वयाबरोबर कडक होते, त्यामुळे नक्षी शिल्लक दिसली तरी फार जुना टायर ट्रॅकवर नेऊ नये. मात्र अशा टायरच्या जागी स्लिक, म्हणजे नक्षी नसलेला रेसिंगचा टायर, लावू नका. रस्त्यासाठीचा चांगला स्पोर्ट टायर लवकर तापतो आणि पकड सुटण्याआधी सूचना देतो, तर स्लिकला वॉर्मर (टायर आधीच तापवणारे आवरण) आणि मोठा वेग दोन्ही लागतात.

टायरमधल्या हवेबद्दल अनेकांचा गोंधळ होतो. अनेक मोठ्या स्पोर्ट बाइकना कंपनी रस्त्यासाठी पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय सुचवते, कारण त्यात सामान, मागचा प्रवासी आणि टायरचे आयुष्य यांचा विचार असतो. ट्रॅकवर टायर तापल्यावर दाब आणखी वाढतो आणि टायर जमिनीवर कमी पसरतो. म्हणून रस्त्यासाठीच्या स्पोर्ट टायरसाठी थंड असताना दोन्हीकडे ३० ते ३२ पीएसआयच्या आसपास सुरुवात करून सेशननंतर लगेच पुन्हा मोजण्याची पद्धत आहे. तुमच्या टायरच्या कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तोच माना. स्वतःचा गेज सोबत ठेवा.

आरसे काढून ठेवावे लागतात, आणि दिव्यांवर चिकटपट्टी लावावी लागते, कारण पडल्यावर काचेचे तुकडे ट्रॅकवर पसरू नयेत. मागच्या ब्रेकलाइटवरही पट्टी लावतात, नाहीतर मागचा रायडर स्वतःची खूण सोडून तुमच्या दिव्याकडे पाहून ब्रेक लावू लागतो. अनेक ट्रॅकवर ग्लायकॉलयुक्त कूलंटला मनाई असते, कारण ते सांडले की डांबर तेलकट होते आणि लवकर स्वच्छ होत नाही. त्याऐवजी साधे शुद्ध पाणी भरतात. घरी आल्यावर पुन्हा कूलंट भरायला विसरू नये. सायलेन्सरच्या आवाजाची मर्यादा, विम्याची स्थिती आणि हेल्मेटचे मान्य प्रमाणपत्र या गोष्टी आयोजकांच्या नियमपत्रात आधीच वाचून घ्या. विम्याचे मी मुद्दाम सांगते, कारण रस्त्यासाठीच्या अनेक पॉलिसींमध्ये ट्रॅकवरचे नुकसान वगळलेले असते.

अंगावर एकसंध लेदर सूट सर्वांत उत्तम. दोन तुकड्यांचा असेल तर कमरेभोवती पूर्ण झिपने जोडता येणारा हवा. पाठीचे संरक्षक कवच, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट आणि पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट यांवर तडजोड नाही. भाड्याने घेतलेला सूट चालेल, पण तो घालून एकदा गाडीवर वाकून बसून पाहा. उभे असताना नीट वाटणारा सूट वाकल्यावर खांद्यात रुततो किंवा गुडघ्यावरचे कवच बाजूला सरकते. खिशात किल्ली किंवा फोन ठेवू नका. कानात इअरप्लग घाला, वाऱ्याच्या आवाजाने येणारा थकवा आपल्या लक्षात येत नाही.

सकाळच्या सूचनांच्या बैठकीला झोपाळलेल्या अवस्थेत बसू नका, कारण झेंड्यांचे नियम ट्रॅकनुसार थोडे बदलतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी आणि ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबले, एकदम ब्रेक न दाबता हात वर करून सावकाश पिटमध्ये परत. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा. काळा विशिष्ट रायडरला दाखवतात आणि तो दिसला तर पिटमध्ये यावे. नोंदणी करताना स्वतःला नवशिक्यांच्याच गटात घाला. रस्त्यावरच्या चार वर्षांच्या जोरावर मधल्या गटात जाण्याचा मोह होतो, पण तिथे सतत मागून येणाऱ्यांचा विचार करण्यात तुमचे लक्ष संपेल. मागून कोणी वेगात आला तर बाजूला होऊन वाट देण्याचा प्रयत्न करू नका आणि मान वळवून पाहू नका. सुरक्षितपणे पुढे जाण्याची जबाबदारी त्याची असते, आणि तुम्ही आपली लाइन, म्हणजे वळणातून जाण्याचा मार्ग, धरून ठेवलीत तरच तुम्ही कुठे असाल याचा अंदाज त्याला बांधता येतो.

वळणात वेग जास्त झाल्यासारखे वाटले, तर बहुतेक वेळा तो तुमच्या अंदाजाबाहेर असतो, गाडीच्या आवाक्याबाहेर नसतो. जिथे जायचे आहे तिकडे पाहा आणि वळणाच्या आतल्या बाजूचे हँडल थोडे आणखी पुढे ढकला. तरीही गाडी बाहेर निघालीच तर ती सरळ उभी करा, पुढचा ब्रेक सोडा आणि गवतावर किंवा मातीवर सरळ रेषेत जाऊ द्या. सरळ बाहेर जाणे पुरेसे असताना ताबडतोब ट्रॅकवर परत वळण्याच्या धडपडीत माणसे पडतात. पडलातच तर गाडी सोडून द्या, हातपाय सैल ठेवून घसरू द्या, आणि पूर्ण थांबल्याची खात्री होईपर्यंत उभे राहू नका. घसरताना थांबल्याचा भास फार लवकर होतो.

दुपारनंतर पाणी आणि थोडे मीठ-साखर पोटात जात राहू द्या. शेवटचे सेशन सोडून देण्याची तयारी मनात आधीच ठेवा. तीन फेऱ्यांत दोनदा ब्रेकची खूण चुकली तर त्याचा अर्थ थकवा आहे, आणि तेव्हा सेशनच्या मधेच हात वर करून पिटमध्ये यायला कोणतीच हरकत नाही. मी त्या दिवशी शेवटचे सेशन सोडले, सावलीत बसून तोच कागद पुन्हा काढला आणि बारापैकी अकरा वळणांच्या तिन्ही खुणा भरल्या.

त्याच गाडीने परत जाणार असाल तर निघण्याआधी टायरची हवा रस्त्याच्या मापात आणा, आरसे बसवा, दिव्यांवरची चिकटपट्टी काढा आणि चेन हाताने तपासा. अर्धा तास शांत बसून मगच निघा, कारण दिवसभर ट्रॅकवर राहिल्यावर रस्त्यावरचा ताशी ८० चा वेग चालण्यासारखा वाटतो, आणि समोरून येणाऱ्या वाहनाला तुमची लाइन माहीत नसते.